कर शून्य, तरी विवरणपत्र कशाला?
(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो. मध्यंतरी ओळखीतला एक तरुण माझ्याकडे आला. त्याचं तयार कपड्यांचं छोटं दुकान आहे. शेजारचा गाळा रिकामा झाला होता आणि तो घ्यायला त्याला कर्ज हवं होतं. बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली. त्याच्याकडे एकही नव्हतं. मी विचारलं, "का रे, कधीच भरलं नाहीस?" तो म्हणाला, "भरलं असतं तर कर मागे लागला असता ना!"

मी तिथेच कागद घेऊन हिशोब केला. वर्षाची विक्री ३० लाख. निम्मी रोख, निम्मी यूपीआयने. त्याचा कर आला शून्य. गाळा मात्र तोपर्यंत दुसऱ्याने घेतला होता.

हा शून्य कसा आला ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असाच धंदा आहे. छोट्या व्यापाऱ्याने मोठमोठ्या वह्या ठेवाव्यात असा कायद्याचा आग्रह नाही. विक्री २ कोटींच्या आत असेल, तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. रोख रक्कम एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर ही मर्यादा ३ कोटी होते. आमच्या दुकानदाराचे १५ लाखांवर ८ टक्के म्हणजे १ लाख २० हजार आणि उरलेल्या १५ लाखांवर ६ टक्के म्हणजे ९० हजार. एकूण उत्पन्न २ लाख १० हजार. यावर कर लागतच नाही. खरा नफा याहून जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा, हेही कायदाच सांगतो. आणि ते आपल्या हिताचंही आहे. उत्पन्न कमी दाखवलं की कर्जही कमीच मिळतं.

दुसरं उदाहरण मालेगाव-भिवंडीचं. यंत्रमागावर दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीने विणून देणाऱ्याच्या बिलातून व्यापारी १ टक्का टीडीएस कापतो. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतो. वर्षाचा कर शून्य असेल तर हा पैसा परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. न भरणाऱ्याला वाटतं, आपण कर वाचवला. प्रत्यक्षात त्याने आपल्या घामाचे पैसे सरकारजमा होऊ दिलेले असतात.

आता नोकरी करणाऱ्यांकडे वळू. "पगार वाढला की वरच्या टप्प्यात जाईन आणि सगळ्या पगारावर जास्त कर लागेल," हे मी शिकलेल्या मुलामुलींकडूनही ऐकतो. तसं नसतं. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १०, असं चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. १६ लाखांचे १७ लाख झाले, तर २० टक्के फक्त त्या वाढीव एका लाखावर लागतात. उपकर सोडला तर ८० हजार तुमच्याच खिशात राहतात.

पण एका ठिकाणी लोकांची भीती खरी आहे. २०२५च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर सवलत देऊन शून्य केला. पगारदारांसाठी प्रमाणित वजावट धरून ही रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते. आता समजा, करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झालं. टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० होतो. एवढा फटका बसू नये म्हणून कायदा म्हणतो, वरचे १० हजारच द्या. म्हणजे जादा कमावलेलं सगळं करात गेलं! साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच गत. या पट्ट्यातल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी जादा काम का करावं? करधोरणाचा कामावर परिणाम होतो म्हणतात, तो असा. दर किती आहे याबरोबरच पुढच्या रुपयातलं हाती किती उरतं, हे माणूस बघतो.

हा धडा देशाने पूर्वी मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या टप्प्यावरचा कर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये उरणार. हेतू समतेचा होता, पण असा दर उत्पन्न लपवायला शिकवतो. वांछू समितीने १९७१ मध्येच दर खाली आणायला सांगितलं होतं. १९७४-७५ मध्ये तो ७७ टक्क्यांवर आला आणि १९९७ मध्ये १०, २०, ३० असे तीन टप्पे झाले.

मग दर जितका कमी तितकं चांगलं का? इथे मी सावध आहे. १२ लाखांच्या सवलतीसाठी सरकारने सुमारे १ लाख कोटींचा महसूल सोडला. तो कोणाच्या पदरात पडला? नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंत कर आधीच शून्य होता. म्हणजे फायदा ७ लाखांच्या वरच्यांना झाला. महिन्याला १५ हजार कमावणाऱ्या शिलाई कामगाराला त्यातून थेट काही मिळालं नाही. तो आयकर देत नाही, पण साबणाच्या वडीवर कोट्यधीशाइतकाच जीएसटी देतो. "आम्ही करदाते" असा शब्द ऐकला की हा कामगारही आठवा.

आणखी एक तुलना करा. पगाराच्या वरच्या टप्प्यावर ३० टक्के कर. पण वर्षभराहून जास्त काळ ठेवलेले नोंदणीकृत शेअर विकून झालेल्या नफ्यावर, सव्वा लाख सोडून, १२.५ टक्के. गुंतवणुकीला उत्तेजन हवं, हे मान्य. पण श्रमापेक्षा संपत्तीवर कर हलका ठेवला की दरी रुंदावते, हेही बोललं पाहिजे.

आता एक नाजूक मुद्दा. आयकरात 'हिंदू अविभक्त कुटुंब' हा स्वतंत्र करदाता आहे. त्याचा पॅन वेगळा, ४ लाखांची करमुक्त मर्यादाही वेगळी. जैन, शीख, बौद्ध कुटुंबांनाही ही सोय आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना नाही. ही व्यवस्था इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. केरळने १९७५च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबपद्धतीच रद्द केली. आपण काय मागायचं? "आम्हालाही असं काही द्या" असं नव्हे. व्यक्ती हाच करदाता असावा आणि तो सर्वांसाठी सारखा असावा, ही मागणी आपल्याला शोभते. मात्र आयकरात समान नियम मागणाऱ्याने घरातल्या बहिणीच्या वाटणीच्या वेळी समानतेकडे पाठ फिरवू नये.

"आम्ही जकात देतो, मग कर कशाला?" असंही मला विचारतात. जकात निसाबच्या वर असलेल्या संपत्तीवर असते आणि ती गरजूंसाठी असते. रस्ता, न्यायालय, सरकारी दवाखाना, विद्यापीठ हे सगळं करातून चालतं आणि त्याचा हिशोब संसदेत मागता येतो. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. ज्याच्याकडे पुरेसं नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे आहे.

आपल्या वस्त्यांतले बहुतेक धंदे रोखीचे आणि तोंडी विश्वासाचे. त्यामुळे मेहनत आहे, कसब आहे, पण नोंद नाही. नोंद नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, आणि मग सावकार किंवा नातेवाईक. यातलं सगळंच आपल्या हातात नाही. अर्ज नीट वाचलाच जात नाही, असा अनुभवही तुमच्यातल्या काहींना असेल. पण कागद पुरा असलेल्या माणसाला "नाही का?" असं विचारता येतं. कागदच नसला तर समोरच्याला कारण शोधावंही लागत नाही.

म्हणून शिबिरातून घरी गेल्यावर एकच काम करा. वडिलांच्या, भावाच्या, आईच्या घरगुती धंद्याची वर्षाची जमा एका कागदावर मांडा. रोख किती, बँकेतून किती, टीडीएस कापला गेला का, ते बघा. विवरणपत्र भरा. कर शून्य आला तर शून्याचं भरा, आणि लागला तर तोही भरा. माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाने आता दोन वर्षांची विवरणपत्रं भरली आहेत. पुढचा गाळा रिकामा होईल तेव्हा तो तयार असेल.