एकेरी वाटेचा पहारेकरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



जळगाव-धुळ्याकडील शेतकऱ्यास फूटव्हॉल्व्ह समजावून सांगण्याचे कारण नाही. तो विहिरीचे पाणी वर येऊ देतो. नळीतले पाणी मात्र पुन्हा खाली उतरू देत नाही. विज्ञानाच्या एका अतिशय नाजूक क्षेत्रातही असाच पहारा लागतो. त्याविषयी आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक विद्युत्-मंडलांवर संशोधन चालते. संरक्षण संशोधन खात्याची पुण्याची प्रयोगशाळा व टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्याने तेथे सिद्ध झालेल्या सहा क्यूबिटांच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पार पडली. क्यूबिट हा क्वांटम संगणकाचा मूळ घटक होय. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो; हे घटक उणे २७३ अंशांच्या निकट, केवलशून्याहून अंशाच्या शतांशाएवढ्याच वर ठेवावे लागतात.

क्यूबिटची स्थिती सूक्ष्मतरंग पाठवून वाचतात. परत येणारे उत्तर इतके क्षीण असते की, ते ॲम्प्लिफायरने वाढवावे लागते. परंतु ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट त्याच तारेने उलट गेला, तर क्यूबिटची स्थिती बिघडते. म्हणून मध्ये आयसोलेटर बसवितात. त्यातील फेराइट व लोहचुंबक यांच्या योगे पुढे जाणारा तरंग बहुतांशी अबाधित जातो आणि उलट येणारा शोषकाकडे वळून तेथेच जिरतो. सामान्यतः एका आयसोलेटरमधून उलट शक्तीचा शंभरावा भाग निसटतो; दोन जोडले, तर दहाहजारावा.

अडचण अशी की, चुंबक अतिवाहकास बाधक, म्हणून तो आवरणात दूर ठेवावा लागतो. शिवाय शीतयंत्रातील जागा थोडी. क्यूबिट वाढतील तशी ही अडचणही वाढेल. यास्तव चुंबकाविना चालणारा व चिपवरच मावणारा आयसोलेटर घडविण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

ज्ञातीच्या व्यासपीठावर हे कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या घरात मुलाने अथवा मुलीने पदार्थविज्ञानाचे नाव काढताच, ‘पुढे नोकरी कसली?’ हा प्रश्न येतो आणि जिज्ञासा तेथेच विझते. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रकमेचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. या कामी माणसे लागणार आहेत. जळगावच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तेथून पुढची वाट मोकळी आहे.

म्हणून मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतील काही भाग मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. तिचा आपण विचार कराल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.