बियाण्याचे कवच कोणाच्या हाती?



हवेचा ७८ टक्के भाग नत्राचा असूनही कोणतेही पीक तो थेट शोषून घेऊ शकत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत वसणारे रायझोबियम जिवाणू मात्र हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात आणि मोबदल्यात त्याच्याकडून शर्करा घेतात. १८८८ साली डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी हे जिवाणू गाठींतून वेगळे काढले. तेव्हापासून हे ज्ञान कोणाच्या खासगी मालकीचे राहिलेले नाही. असे असता कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा पुरेसा लाभ का मिळत नाही?

अडचण ज्ञानाची नाही, जिवाणू बियाण्यापर्यंत जिवंत पोचण्याची आहे. महाराष्ट्रातील पद्धत सर्वपरिचित आहे. २५० ग्रॅमचे संवर्धकाचे पाकीट गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून १० किलो बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खतांचा समावेश झाला आणि भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे बंधन आले. परंतु रायझोबियमला उष्णता व कोरडेपणा सोसत नाही. पत्र्याच्या दुकानात तापलेले पाकीट आणि ताजे पाकीट दिसायला सारखेच असते. शेतकरी मेलेल्या भुकटीचे पैसे मोजतो आणि उत्पन्न वाढले नाही की जिवाणूंनाच दोष देतो.

या दुखण्यावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी एक उपाय शोधला. रेशमातील प्रथिन आणि ट्रेहॅलोज ही शर्करा यांचे पातळ कवच त्यांनी घेवड्याच्या बियाण्यावर चढविले व त्यात जिवाणू ठेवले. या शर्करेमुळे जिवाणू सुकण्यापासून वाचतात. हे काम २०१९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२१ साली मोरोक्कोतील बेन गेरिर येथील विद्यापीठाच्या सहकार्याने, ओल धरून ठेवणारा पेक्टिनयुक्त बाह्य थर त्यावर चढविण्यात आला आणि पाण्याच्या ताणातही रोपे अधिक तग धरतात असे दिसले. हे कवच मातीत विरघळून जाते. कृत्रिम बहुवारिकांची कवचे तशी विरघळत नाहीत. म्हणूनच २०२३ साली युरोपीय संघाने सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध घालताना कीडनाशक लावलेल्या बियाण्यांसाठी २०३१ पर्यंतची मुदत ठरविली.

हे तंत्र स्वागतार्ह आहे. परंतु ते कोणाच्या हाती राहणार, हा अर्थकारणाचा प्रश्न आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने शेतकरी घरचे बियाणे राखू शकतो. हेक्टरी सुमारे ७५ किलो बियाणे लागते, तेव्हा ही बचत लहान नाही. बियाणे राखणे, पेरणे, त्याची देवघेव करणे व ब्रँडविना विकणे हा अधिकार त्याला २००१ च्या कायद्याने दिला आहे. जिवाणूंचे कवच केवळ कंपनीच्या पिशवीतच मिळू लागले, तर हा अधिकार रद्द न होताही निरुपयोगी ठरेल. कायदा बदलावा लागणार नाही. बाजारच ते काम करील.

दुसरा मार्ग उपलब्ध आहे. गूळ आणि डिंक हीसुद्धा मातीत विरघळणारी आवरणेच आहेत. राहुरी, परभणी, अकोला व दापोली येथील कृषी विद्यापीठांकडे जिवाणूशास्त्राचे ज्ञान आहे. बीजप्रक्रियेचा ड्रम गावच्या सोसायटीला परवडणारा आहे. उणीव आहे ती ताजे संवर्धक थंड ठेवण्याच्या सोयीची आणि तालुक्याच्या ठिकाणी तपासणी प्रयोगशाळेची. युरियाच्या किमतीचा मोठा भार सरकार अनुदानाने उचलते. त्याचा अल्पांश जरी या दोन सोयींकडे वळविला, तरी घरच्या बियाण्याला हे कवच गावातच चढविता येईल.

जिवाणू म्हणजे चमत्कार नव्हे. जमिनीत स्फुरद नसेल, पाणी साचत असेल, तर गाठी नीट धरत नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांनी पोकळ प्रचार न करता मृगापूर्वी गावोगाव तीन गोष्टींचा आग्रह धरावा: संवर्धकाच्या पाकिटावरील तारीख तपासली जावी, पेरणीच्या वेळी बियाण्यावर किती जिवाणू जिवंत आहेत याची सार्वजनिक तपासणी व्हावी, आणि सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनाचे फळ सहकारी संस्थांना खुले राहावे. बियाणे शेतकऱ्याचे आहे. त्यावरचे कवचही त्याच्याच आवाक्यात राहिले पाहिजे.