तारेच्या टोकाशी उभा असलेला शिपाई
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार आताच आपण टाळ्यांच्या गजरात केला. त्या आनंदात सहभागी होऊन मी आपले लक्ष थोडा वेळ एका दूरच्या स्मारकाकडे वेधू इच्छितो.

अरुणाचल प्रदेशात तवांग येथे बौद्ध स्तूपाच्या घडणीचे, सुमारे ४० फूट उंचीचे एक युद्धस्मारक आहे. सन १९६२ च्या चिनी आक्रमणात कामेंग क्षेत्रात धारातीर्थी पडलेल्या २,४२० वीरांचे ते स्मारक होय. तोफ डागणारा आणि संगीन रोखणारा वीर आपल्या कल्पनेत सहज उभा राहतो. परंतु तारेचे रीळ पाठीवर घेऊन डोंगर चढणारा, वा कानाला यंत्र लावून रात्र जागवणारा संदेशवहन दलाचा जवान आपल्या डोळ्यांसमोर येतो काय? आज मला त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

हे दल १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झाले. त्याचे शिक्षणकेंद्र जबलपूर येथे असून ‘तीव्र चौकस’ हे त्याचे ब्रीद आहे. सेनापतीची आज्ञा आघाडीवर आणि आघाडीची हाक सेनापतीपर्यंत पोचविणे, हे त्याचे कार्य. दूरध्वनीची तार तोफगोळ्याने तुटली, की एकाने ती हातात धरून तुटलेल्या जागेपर्यंत जावयाचे आणि गोळीबार चालू असतानाच सांधा जुळवावयाचा. बिनतारी यंत्राची विद्युत्घटमाला संपली, की उत्तमातले उत्तम यंत्रही मुके होते. म्हणून तिचे ओझेही डोंगरावर चढवावयाचे.

नामका चू नदीच्या काठी २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे हेच घडले. चिनी तोफा धडाडू लागल्या, तारा तुटल्या, आणि सातव्या ब्रिगेडच्या तुकड्या एकमेकींस पारख्या झाल्या. संपर्क तुटलेल्या त्या आघाडीकडे चौथ्या डिव्हिजनच्या संदेशवहन पलटणीचे मेजर रामसिंग हे स्क्वाड्रन लीडर विनोद सेहगल यांच्या हेलिकॉप्टरमधून निघाले. त्सांगधरच्या उंच पठारावर ते उतरले, ते पुन्हा परतले नाहीत. त्या डिव्हिजनच्या संदेशवहनाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल के. के. तेवारी त्या वेळी प्रत्यक्ष आघाडीवर होते. ते शत्रूच्या हाती सापडले आणि त्यांना बंदिवास सोसावा लागला. प्रमुखच जेथे आघाडीवर उभा, तेथे हाताखालच्या जवानांनी काय सोसले असेल, हे सांगणे न लगे.

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले, ही गोष्ट महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु तुटलेली तार शोधीत गेलेल्या जवानाची गोष्ट आपण कधी सांगतो काय?

बंधुभगिनींनो, आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्या स्मरणिकेत पदवीधरांची यादी असते, देणगीदारांची असते, उच्चपदस्थांची छायाचित्रेही असतात. ती असावीतच. परंतु आपल्याच घरांतून सैन्यात, तारखात्यात, दूरध्वनी खात्यात जाऊन ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचविले, त्यांची नावे मला कोठे आढळत नाहीत. आणखी एक विचार मनात येतो. नामका चूच्या काठी राजपूत, गुरखे, पंजाबी अशा नाना पलटणींचे लोक एकत्र लढले आणि पडले. तार जोडणाऱ्याने पलीकडच्या माणसाला आधी त्याची जात विचारली नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलताना मला संकोच वाटत नाही. ज्ञाती ही आपली पहिली शाळा असेल, परंतु तिच्या दारातून बाहेर पडून देशाच्या कामास लागणे, हीच त्या शाळेची खरी परीक्षा होय.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे, की पुढील अंकात एक पान अशा सेवकांसाठी राखून ठेवावे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आजोबांचे, काकांचे, मामांचे, आत्याबाईंचे नाव, हुद्दा आणि सेवेची वर्षे लिहून पाठवावीत. हुद्दा लहान आहे म्हणून कोणी लाजू नये. घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. त्यांच्या मागे सांगणारा उरणार नाही, आणि मग ती तार कायमची तुटेल.

सांधा जुळविण्याचे काम त्यांनी आपल्या परीने केले. आता तारेचे हे टोक आपल्या हाती आहे. ते आपण सोडू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!