पाय कधी येतील?

पालघर-बोईसर पट्ट्यातले माझे फिजिओथेरपिस्ट सहकारी आणि पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आज मी मणक्याच्या व्यायामांबद्दल बोलणार नाही. मज्जारज्जूला मार बसल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं आणि त्यात आपण कुठे चुकतो, तेवढंच बोलायचं आहे.

आपल्याकडे माणूस कसा पडतो, हे तुम्ही जाणता. तारापूर एमआयडीसीत शेडवरचा पत्रा फुटून, लोकलच्या दारातून, हायवेवर बाइकवरून, किनाऱ्यावर ताडाच्या झाडावरून. मुंबईला ऑपरेशन होतं, प्लेट-स्क्रू बसतात, माणूस घरी येतो. मग आपल्याला बोलावणं येतं.

किनाऱ्याजवळच्या एका पाड्यावर ताडी काढणारा एक तरुण माझ्याकडे होता. कमरेखालचं सगळं गेलेलं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, पाय कधी येतील?" मी म्हणाले, "येतील हळूहळू." रिपोर्ट माझ्या हातात होता, इजा पूर्ण होती, पाय येणार नव्हते, तरी मी तसं म्हणाले. माझ्या त्या एका वाक्यावर तो वर्षभर खाटेवर पडून राहिला. खुर्ची आणली तर तोंड फिरवायचा. पाय येणारच होते, मग खुर्ची कशाला? लघवीच्या पिशवीची लाज वाटायची म्हणून पाणी कमी प्यायचा आणि तापाने फणफणायचा. कूस बदलली जात नव्हती, माकडहाडाशी जखम झाली. आम्ही फाइलवर लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.' त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

१९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सना विचारलं होतं, हातपाय लुळे पडले तर जगण्यात आनंद वाटेल का? 'हो' म्हणणारे १८ टक्के. तसं आयुष्य खरोखर जगणाऱ्यांना विचारलं, तेव्हा 'हो' म्हणणारे ९२ टक्के निघाले. खाटेशेजारी उभं राहून आपण आपलीच भीती पेशंटच्या डोळ्यांत वाचतो आणि त्या भीतीपोटी खोटं बोलतो.

मग खरं कोणी सांगायचं? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय सोळाव्या वर्षी गेले. त्यांना बाहेर काढलं ते बाबूकाका दिवाण यांनी, आणि बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते. पुढे १९८४ साली नसीमाताईंनी 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ला हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. पण पाड्यावरच्या मुलाला पदकवाला नको असतो. त्याला संडासला कसं जायचं, हे सांगणारा हवा असतो.

बोईसरचा एक कामगार, बारा वर्षांपासून खुर्चीवर. त्याला मी रिक्षात घालून पाड्यावर नेलं. त्याने मला बाहेर बसायला सांगितलं. दोन तास दोघं आत बोलत होते; नळीबद्दल, बायकोबद्दल, रात्रीच्या चमकांबद्दल. त्या रात्री मुलगा खूप रडला, असं आईने सांगितलं. पुढेही कितीतरी दिवस रडत होता. महिन्याने त्याने खुर्ची मागितली.

त्याची कमरेला कोयती अडकवायची लाकडी आकडी आईने त्याच्या नजरेआड, धान्याच्या कणगीमागे ठेवली होती. ती त्याने मागून घेतली, खुर्चीच्या हाताला बांधली. आता पाड्यावरच्या कोयत्यांना धार तोच लावून देतो. अजूनही एखादा आठवडा तो कुणाशी बोलत नाही. ते दिवस जाणार नाहीत आणि ते घालवणं माझं कामही नाही.

ज्यांची झोप-भूक उडाली आहे, जे मरणाची भाषा बोलतात, त्यांना मानसोपचार मिळालाच पाहिजे. टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवा.

बाकी माझं मागणं एकच. पहिल्या रांगेतली ही मंडळी आज पाहुणी म्हणून आली आहेत. उद्यापासून प्रत्येक नव्या पेशंटच्या घरी त्यांच्यापैकी एकाला सोबत न्या, त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या, आणि ते बोलत असताना आपण बाहेर बसा.