गळती कुठे आहे?



आठवीत सरांनी यू आकाराच्या काचेच्या नळीत पोटॅशियम परमँगनेटचं गुलाबी पाणी भरलं होतं. ‘हळू फुंक’ असं बजावलं असूनही मी जोरात फुंकलं. सरांचा तो पांढरा शर्ट तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. त्या नळीची आठवण मला पुढे ओहायोत आली.

तिथे सहा वर्षं गॅरेजमध्ये खपून मी दोन आसनांचं विमान बांधलं. अमेरिकेत अशा विमानाला रीतसर परवानगी मिळते. मात्र आधी चाचणीची उड्डाणं करायची, प्रवासी न घेता. मला ४० तासांची अट होती. पहिली प्रवासी कोण, हे बायकोने कधीच ठरवून टाकलं होतं.

विमानाला वेग आणि उंची कळते हवेच्या दाबावरून. पंखाखालची पिटो नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते. शेपटीकडे दोन्ही अंगांना बारीक भोकं असतात, ती बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेतात. उंचीमापक फक्त हा स्थिर दाब वाचतो, वेगमापक दोन्हींतला फरक.

सहाव्या उड्डाणात उकडलं म्हणून मी हवेचा झरोका उघडला, आणि उंचीचा काटा चाळीस फूट खाली आला. विमान होतं तिथेच! म्हणजे स्थिर दाबाची नळी केबिनमधली हवा घेत होती. उडताना केबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे उंची जास्त दिसते आणि वेगही. पिटोची नळी गळली तर वेग कमी दिसतो, आपण जरा जोरात उतरतो, धावपट्टी जास्त लागते, एवढंच. इथे उलटं होतं. उतरताना काटा पुरेसा वेग दाखवतो, खरा वेग त्याहून कमी, आणि जमीन जवळ असताना पंख दगा देऊ शकतात.

एका बाजूचं भोक टेपने बंद केलं, दुसऱ्याला नळी जोडून सिरिंजने सावकाश हवा ओढली. काटा १००० फूट चढवायचा, नळी चिमटायची, एक मिनिट थांबायचं. १०० फुटांहून जास्त उतरता कामा नये. माझा वीस सेकंदांत ३०० उतरला. सायकलच्या ट्यूबसारखं विमान काही घमेल्यात बुडवता येत नाही! मग आतली नळी मधोमध चिमटली. काटा थांबला तर गळती पलीकडे, उतरतच राहिला तर काट्याच्या बाजूला. असं अर्धं-अर्धं करत पॅनेलमागच्या एका जोडापाशी पोचलो. नळीचं टोक तिरकं कापलेलं होतं. कापणारा मीच, घाईत, कात्रीने. ते पात्याने सरळ कापलं, पुन्हा बसवलं. मिनिटाला २० फूट.

हात लागलाच होता म्हणून पिटोही तपासली. पारदर्शक नळी फळीवर यू आकारात ठोकली, त्यात गुलाबी पाणी. दोन्हीकडच्या पातळीत सुमारे १६.५ सेंटिमीटर फरक पडला की वेगमापकाने १०० नॉट दाखवायला हवेत. दाखवले. या वेळी फुंकलं नाही सर, सिरिंज वापरली.

टेप मात्र भडक लाल घेतली होती. १९९६ मध्ये पेरूत एक बोइंग ७५७ धुतल्यावर त्या भोकांवरची टेप काढायची राहिली, आणि ७० माणसं गेली. हे मी घरी एकदाच बोललो होतो.

चाळीस तास भरल्यावर बायको शेजारी बसली, पट्टा आवळला आणि विचारलं, “ती लाल टेप काढलीस ना?”

मी पुन्हा उतरून बघून आलो.