समुद्राचे मुद्दल

श्रावणी पौर्णिमेच्या दिवशी कोळीवाड्यांतील आबालवृद्ध वाजतगाजत किनाऱ्यावर येतात, समुद्राला नारळ अर्पण करतात, आणि मगच होड्या पाण्यात लोटल्या जातात. शहरातील सुशिक्षित गृहस्थाला हा एक रम्य सोहळा वाटतो. वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र पाहून तो पान उलटतो. परंतु या सोहळ्याच्या मुळाशी एक व्यवहार आहे, आणि तो मोठा चोख आहे. आषाढात दर्या खवळतो म्हणून होड्या शाकारून ठेवावयाच्या, हे तर खरेच. पण याच सुमारास अनेक जातींचे मासे अंडी घालतात व त्यांची पिले वाढीस लागतात. पूर्वजांनी समुद्राला दिलेली ही विश्रांती म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर संसार चालविण्याची रीत होय.

ज्याने सावकारी पाहिली आहे त्याला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. समुद्रातील मासे ही ठेव आहे. दरवर्षी जी नवी पैदास होते ते तिचे व्याज. व्याज खाणाऱ्याचे नातू सुखाने जेवतात. मुद्दल खाणारा काही वर्षे अधिक थाटात राहतो, आणि मग एके दिवशी पेटी रिकामी होते.

पूर्वी मुद्दलाला हात लावण्याचे सामर्थ्यच माणसाच्या अंगी नव्हते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यास कित्येक माणसे लागत, आणि आलेल्या मासळीचे वाटे सर्वांत होत. वसई-वर्सोव्याकडे भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळे लावून बोंबील धरीत. पुढे कापसाच्या व तागाच्या सुताची जागा नायलॉनने घेतली, शिडाच्या जागी यंत्र आले. इ. स. १९५२ मध्ये केरळात नॉर्वेच्या साहाय्याने जी योजना सुरू झाली, तिच्यापासून या देशात यांत्रिक मासेमारीचे युग उघडले. त्याने अनेकांच्या घरी चूल पेटली, हे नाकारता येणार नाही. परंतु आज समुद्राचा तळ खरवडीत जाणारे ट्रॉल जाळे आणि बांगड्या-तारलीच्या अख्ख्या थव्याला वेढून बटव्याप्रमाणे तोंड आवळणारे पर्ससीन जाळे यांपुढे मासळीला लपावयास जागा उरलेली नाही. त्यातच काहींनी रात्री प्रखर विजेचे दिवे लावून मासे गोळा करण्याची युक्ती काढली.

याचा शेवट कसा होतो, हे कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाने जगाला दाखविले आहे. तेथील कॉड माशावर शतकानुशतके गावेच्या गावे जगत आली. १९६८ साली मोठमोठ्या जहाजांनी तेथून आठ लाख टनांहून अधिक कॉड काढला, आणि समुद्र अक्षय्य आहे असे सर्वांस वाटले. २ जुलै १९९२ रोजी सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० माणसे बेकार झाली. बंदी दोन वर्षांची समजली होती; ती उठावयास २०२४ साल उजाडले, आणि तरीही पूर्वीचे वैभव परतले नाही.

महाराष्ट्रात कायदे नाहीत असे नव्हे. १९८१ पासून सागरी मासेमारीच्या नियमनाचा अधिनियम आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना सामान्यतः बंदी असते. नारळी पौर्णिमेचेच हे सरकारी रूप म्हणावे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ साली निर्बंध घातले. दिव्यांच्या मासेमारीस केंद्र सरकारने २०१७ साली मनाई केली. २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी कोणता मासा किती लांबीचा झाल्याशिवाय धरू नये याचीही मापे ठरविण्यात आली. तथापि सातशे किलोमीटरांच्या किनाऱ्यावर प्रत्येक होडीमागे शिपाई ठेवता येत नाही.

येथे दोष एकट्या धनिकाच्या माथी मारून चालणार नाही. पालघरकडे डोल जाळ्यांतही पापलेटाची कोवळी पिले सापडतात. ती धरणाऱ्याला त्यांचे मोल ठाऊक नसते असे नाही. पापलेटाची खरी किंमत त्याच्याइतकी कोणास कळणार? पण डिझेलची उधारी दारात उभी असते, आणि ‘मी सोडली तर शेजारी धरील’ हा विचार मनात असतो. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या परीने खरे, आणि सर्वांचे मिळून नुकसान, असा हा विचित्र पेच आहे.

शिवाय जे जाळ्यातून सुटते त्यालाही स्वच्छ पाणी कोठे मिळते? ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल समुद्रात सांडले. तिवरांची मुळे काळवंडली, मासेमारी थांबली, बाजारात गिऱ्हाईक फिरकेना. तो अपघात होता; परंतु शहराच्या गटारांतून आणि मिठी नदीतून खाडीत जे नित्य वाहत जाते, त्याला अपघात म्हणता येत नाही. भरतीच्या वेळी समुद्र त्यातील पिशव्या व बाटल्या चौपाटीवर परत टाकतो. जणू कोणी दारात टाकलेली घाण मुकाट्याने ज्याची त्याला पोहोचवावी!

मग घरबसल्या काय करता येईल? एक गोष्ट निश्चित करता येईल. टोपलीत तळहाताहून लहान पापलेटे स्वस्तात मिळत असली, तरी गृहिणीने ती घेऊ नयेत, आणि का घेत नाही हे मासळीवाल्या मावशीला गोडीने सांगावे. आषाढात सुक्या बोंबलावर व सोड्यावर भागवावे. आजीच्या वेळी तसेच भागत असे. पिलाला गिऱ्हाईक नाही असे बाजारात ठरले, म्हणजे ते धरण्याचा मोहही हळूहळू ओसरेल. जे काम शिपायाच्या दंडुक्याने होत नाही, ते पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या नकाराने होते.

समुद्राला नारळ देणाऱ्या कोळ्याने आपला करार पिढ्यान्‌पिढ्या पाळला. त्या करारावर सही करण्याची पाळी आता शहरातील स्वयंपाकघरांची आहे.