इशारा न देणारा उंदीर



माझी आजी कराडची. तिच्या लहानपणी घराच्या आढ्यावरून उंदीर खाली पडून मेला, की वडीलधारी माणसं काही न बोलता सामान बांधायला लागत. घराला कुलूप घालायचं आणि गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायचं. ‘उंदीर पडला’ म्हणजे प्लेग आला, एवढं शेंबड्या पोरालाही कळत असे.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढे पुणे-सातारा भागातही त्याने थैमान घातलं. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेलं शरीर सोडतात आणि माणसाला चावतात, ही गोष्ट पुढे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिली. आजीच्या घरच्यांना पिसवांचं हे शास्त्र ठाऊक नव्हतं. पण उंदीर मरून इशारा देत होता आणि माणसं तो ऐकत होती.

आज पावसाळा आला की मला काळजी वाटते ती उंदरांच्याच दुसऱ्या रोगाची. त्याचं नाव लेप्टोस्पायरोसिस. यातली मोठी अडचण अशी, की या रोगात उंदीर मरत नाही. जंतू त्याच्या मूत्रपिंडात राहतात, लघवीवाटे बाहेर पडतात आणि उंदीर मात्र ठणठणीत असतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात हे जंतू कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे जगतात. पायाला चीर असली, नखाजवळ कातडी निघाली असली किंवा घाण पाणी डोळ्यांत-तोंडात गेलं, की ते शरीरात शिरतात. गुरं, कुत्री आणि डुकरंही हे जंतू पसरवू शकतात.

हा रोग ऊसवाल्यांना नवा नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या इंगहॅम भागात १९३३-३४ च्या सुमारास ऊसतोड मजूर या तापाने आजारी पडू लागले. उंदीर पळावेत म्हणून तोडणीआधी फड पेटवा, अशी मागणी त्यांनी संप करून मान्य करून घेतली. आपल्याकडे पाचट जमिनीला परत द्यावं असं सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण मग फडात उतरणाऱ्याच्या पायात गमबूट हवा.

महापुरात हा धोका वाढतो. बिळांत पाणी शिरतं, उंदीर-घुशी माणसांच्या वस्तीकडे येतात आणि आपण गुडघाभर चिखलात घरं धूत असतो. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हाचा चिखल आपण सर्वांनी पाहिला आहे.

तो पूर ओसरल्यावर वारणाकाठचा एक तरुण शेतकरी तापाने माझ्याकडे आला. अंगदुखी, डोकेदुखी होती. मी साधा ताप समजून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी तो परत आला तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि लघवी कमी झाली होती. त्याची बायको म्हणाली, “डॉक्टर, आठवडाभर ह्यांनी गोठ्यातला गाळ काढलाय. पायाला पत्रा लागलावता.” हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्याला मिरजेला हलवलं, डायलिसिस करावं लागलं. तो वाचला, पण ती चूक माझीच होती आणि ती मी विसरलेलो नाही.

म्हणून ही लक्षणं ध्यानात ठेवा. अचानक चढलेला ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या हात लावू देणार नाहीत इतक्या दुखणं. चिखलाशी संबंध आल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत हे दिसतं. क्वचित महिनाही लागतो. रक्ताच्या तपासणीत हा रोग पहिल्या काही दिवसांत सापडेलच असं नाही. त्यामुळे डॉक्टरांना संशयावरच उपचार सुरू करावे लागतात. औषधं साधी आहेत, डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन; पण ती वेळेवर मिळायला हवीत. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस धोक्यात येतं. पुरानंतर आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक गोळ्या देतात, त्या सांगतील तशाच घ्या. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर ते आधी सांगा. मनाने गोळी देऊ नका.

पायाला जखम असेल तर पाणी शिरणार नाही अशी पट्टी बांधा. बूट घाला. खरकटं, धान्य उघडं ठेवू नका. आणि ताप आलाच, तर दवाखान्यात बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे बोला: “डॉक्टर, मी चिखलात काम केलंय.”

आजीच्या काळी उंदीर इशारा द्यायचा. या रोगात तो देत नाही, तेव्हा तो आपणच द्यायचा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)